लिफ्टमधल्या वजनाचे दोन गुण

प्रति,
मा. सचिव,
मूलभूत संकल्पना चाचणी विभाग,
परीक्षा कार्यालय, चौथा मजला.

विषय : भौतिकशास्त्र चाचणी, प्रश्न क्रमांक ७. मी दिलेल्या शून्य गुणांबद्दल माझ्यावर कारवाई होणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपली कारणे दाखवा नोटीस, दिनांक २ डिसेंबर.
३) त्रिसदस्यीय लिफ्ट समितीचा अहवाल.

महोदय,

आपल्या नोटिशीत सात दिवसांत खुलासा मागवला आहे. आज सहावा दिवस आहे. खुलासा एका पानात बसवावा अशी सूचना आहे, ती मला पाळता आलेली नाही. एका पानाचे तीन अर्ज मी याआधी केले होते आणि त्यांतून कुणाला काही कळले नाही.

१. मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे विज्ञान शिकवते. दहावीच्या मुलांना भौतिकशास्त्राच्या मूळ संकल्पना कितपत समजल्या आहेत हे पाहण्यासाठी आपला विभाग दरवर्षी चाळीस गुणांची चाचणी घेतो. अठ्ठावीस किंवा अधिक गुण मिळालेल्यांना तंत्रशाळेत थेट प्रवेश मिळतो. या चाचणीचे पेपर मी नऊ वर्षे तपासत आले आहे. माझ्या तपासणीत बेरजेची चूक आजवर निघालेली नाही. हे बढाई म्हणून लिहीत नाही, माझे लक्ष ठिकाणावर असते एवढेच नोंदवायचे आहे.

२. गेल्या वर्षीचा प्रश्न क्रमांक ७ असा होता : "लिफ्ट एकसमान वेगाने वर जात आहे. आत वजनकाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचे वजन काट्यावर (अ) जास्त दिसेल, (ब) कमी दिसेल, (क) तेवढेच दिसेल. योग्य पर्याय निवडून कारण लिहा." गुण दोन. आम्हाला दिलेल्या उत्तरसूचीत (अ) छापले होते; निकालानंतर तीच सूची मुलांसाठीही छापून जाहीर झाली. बरोबर उत्तर (क) आहे. लिफ्ट सुटताना काटा क्षणभर वाढतो, थांबताना क्षणभर उतरतो, आणि मधे वेग बदलत नसला तर जमिनीवर दाखवतो तेवढेच दाखवतो. नववीच्या पाठ्यपुस्तकात हे आहे. ते पाठ्यपुस्तकही आपल्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तयार होते.

३. तपासणी एका शाळेच्या व्यायामशाळेत चालू होती. दिवसाला चाळीस पेपर. तिसऱ्या दिवशी, चहाच्या थोडे आधी, एका उत्तरपत्रिकेत मला (क) दिसले. खाली कारण लिहिले होते : "निघताना वाढते, थांबताना कमी होते. मधल्या मजल्यांवर काटा हलत नाही. मी पाहिले आहे." अक्षर ठसठशीत होते. मी पेपर बाजूला ठेवला आणि मुख्य नियामकांच्या टेबलापाशी जाऊन सूचीतली चूक दाखवली. ते गठ्ठ्याला दोरा बांधत होते. ते म्हणाले, "बाई, सूचीत काय आहे? झालं तर मग. आपण तपासायला बसलोय, शोध लावायला नाही." मी जागेवर परत आले, शून्य दिले आणि चहा घेतला. त्या गठ्ठ्यात आणखी अठरा मुलांनी (क) लिहिले होते. त्यांनाही शून्य दिले. त्यांतले एकही उत्तर मला आज आठवत नाही, म्हणून हा अर्ज एकाच उत्तरपत्रिकेबद्दल आहे. त्या वेळी मला वाईट वाटले असे इथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे काही वाटल्याचे आठवत नाही.

४. जुलै महिन्यात तपासणीची राहिलेली कागदपत्रे देण्यासाठी मी आपल्या कार्यालयात आले. चौकशी खिडकीपुढे माझ्या आधी एक गृहस्थ उभे होते, कमरेला हत्यारांचा पट्टा, हातात गुणपत्रिका. आपल्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल करणारे मिस्त्री ते हेच. दर महिन्याला लिफ्ट तपासायला येतात आणि जाताना खिडकीवर विचारून जातात, असे नंतर कळले. खिडकीवरील लिपिक त्यांना सांगत होते की फेरतपासणीची मुदत दहा दिवसांची असते आणि ती कधीच संपली. मिस्त्री म्हणाले, "मुदत संपली, मान्य. पण साहेब, माझी पोरगी लिफ्टच्या प्रश्नात नापास झाली. लिफ्टच्या. मी कामावर तोंड काय दाखवू?" रांगेतले दोघेतिघे हसले. लिपिकही हसले. मिस्त्रीही हसले, पण गुणपत्रिका त्यांनी पुढे धरलेलीच होती. तिच्यावर सव्वीस गुण होते.

५. मी त्यांना विचारले की मुलीने उत्तर काय लिहिले होते. त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितले. शेवटचे वाक्य ऐकल्यावर मी तो पेपर ओळखला. मी परीक्षक आहे हे सांगितले नाही, विज्ञान शिकवते एवढेच सांगितले. तेवढ्यावर ते मोकळेपणाने बोलू लागले. त्यांच्याकडे बारा मजल्यांच्या एका रुग्णालयाची लिफ्ट आहे आणि पत्नी तिथेच परिचारिका आहे. मुलगी शाळा सुटली की तिथे येऊन बसे. नववीत हा पाठ झाल्यावर तिने आईच्या वॉर्डातला वजनकाटा मागून आणला आणि सलग चार दुपारी लिफ्टमध्ये उभी राहून प्रत्येक मजल्याची नोंद वहीत केली. "आम्ही तिला मास्तरीण म्हणतो," ते म्हणाले. "पेशंटच्या नातेवाइकांनासुद्धा काट्यावर उभं करायची. तंत्रशाळेत जाऊन लिफ्टचंच शिकणार होती. मला म्हणायची, बाबा, तुम्ही नुसतं दुरुस्त करता, मी बनवीन." मी "हो का" म्हणाले. माझी कागदपत्रे दिली, पोच घेतली आणि घरी गेले.

६. हे घरी सांगितल्यावर माझे पती म्हणाले, "निवृत्तीला चौदा महिने राहिले. चौदा महिने गप्प बसायला काय जातं?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते आणि मी तीन आठवडे तसे वागूनही पाहिले. ऑगस्टमध्ये मी मिस्त्रींना फोन करून मुलगी कुठे असते ते विचारले. सकाळी ती सर्वसाधारण शाखेच्या वर्गांना जाते आणि दुपारी चष्म्याच्या दुकानात बसते, असे कळले. मी त्या दुकानात गेले. आपल्या नोटिशीतील पहिला आरोप, म्हणजे परीक्षकाने परीक्षार्थीशी संपर्क साधल्याचा, तो हाच. तो मला मान्य आहे.

७. मुलगी काचा पुसून पेटीत लावत होती. मी गिऱ्हाईक आहे असे समजून तिने मला स्टूल दिले. मी तिला सांगितले की तिचा पेपर मी तपासला होता, तिचे सातव्या प्रश्नाचे उत्तर बरोबर होते आणि मी त्याला शून्य दिले होते. ती काच पुसायची थांबली नाही. पुढची काच उचलून तिने विचारले, "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, बाई?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मला वाटलं माझंच बघण्यात चुकलं. बाबा म्हणत होते परत काटा नेऊन बघू. मी नको म्हटलं. छापलेलं थोडंच चुकणार. मग मी ती वही रद्दीत टाकली." मुदत संपली असली तरी मी तिला फेरतपासणीसाठी अर्ज करायला सांगितले. ती म्हणाली, "आता कशाला." रागावून नव्हे. दुकानाचे मालक आत आले, तशी तिने मला विचारले की नंबर तपासायचा आहे का. मी डोळे तपासून घेतले. नंबर बदललेला नव्हता.

महोदय, एक पोर बारा मजले वर-खाली करून डोळ्यांनी एक गोष्ट पाहते, आणि आम्ही तिला सांगतो की ती तू पाहिलीच नाहीस. सव्वीस वर्षांत मी मुलांना एकच गोष्ट बजावत आले : पुस्तकावर विश्वास ठेवा, पण करून बघा. तिने करून बघितले होते.

८. त्यानंतर मी अर्ज केले. पहिला परत आला, कारण फेरतपासणीसाठी फक्त परीक्षार्थी अर्ज करू शकतो. दुसरा मी परीक्षक या नात्याने केला. तो परत आला, कारण परीक्षकाने अशी तक्रार तपासणी चालू असतानाच नियामकांकडे करायची असते. मी ती तेव्हाच केली होती असे तिसऱ्या अर्जात कळवले. त्यावर नियामकांनी लेखी दिले की असे काही घडल्याचे त्यांना स्मरत नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही अठरा पेपर स्मरत नाहीत.

९. तिसऱ्या अर्जावर आपण समिती नेमली. उत्तर कोणते बरोबर ते प्रत्यक्ष प्रयोगाने ठरवावे असे ठरले. हे वाचून मला बरे वाटले असावे, कारण त्या दिवशी मी वर्गात नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होते असे मुले म्हणाली. प्रयोग आपल्याच लिफ्टमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी झाला. मलाही बोलावले होते. काट्यावर उभे राहण्यास समितीच्या एकाही सदस्याने तयारी दाखवली नाही, कारण वजन अहवालात नोंदवावे लागले असते. मी उभी राहते म्हणाले, तर मी हितसंबंधित पक्ष ठरले. शेवटी काट्यावर जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवण्यात आला. आपली इमारत चार मजल्यांची आहे. लिफ्ट सुटताना काटा वर गेला, थांबताना खाली आला, आणि मधे चारेक सेकंद स्थिर राहिला. त्या चार सेकंदांत अध्यक्ष चष्मा शोधत होते. मिस्त्री बाहेर दाराशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, परत नेऊ का? कितीही वेळा नेतो." अध्यक्ष म्हणाले, "नको, झालं समाधान." अहवालाचे शेवटचे वाक्य असे आहे : "लिफ्ट वर जात असताना काटा वाढलेला दिसला, सबब उत्तरसूचीत बदलाची आवश्यकता नाही." दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली की वजनकाटा घेऊन प्रवेश करू नये. ती मिस्त्रींकडूनच लावून घेण्यात आली.

१०. हा पाठ मी या वर्षीही शिकवला. शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, हे खरं आहे ते लिहायचं की पेपरात चालतं ते?" या चाचणीची बातमी शाळांमधून पसरलेली आहे. मी फळा पुसला आणि तास संपायला सहा मिनिटे असताना वर्गाबाहेर आले. असे मी याआधी कधी केलेले नाही. त्याच आठवड्यात मला या वर्षीच्या तपासणीचा नियुक्ती आदेश मिळाला. सोबतच्या नमुना उत्तरसूचीत लिफ्टचा प्रश्न पुन्हा आहे. उत्तर (अ) आहे.

११. आता आपल्या नोटिशीतील दुसऱ्या आरोपाविषयी. तो असा : "उत्तर बरोबर असल्याचे माहीत असूनही परीक्षार्थीस शून्य गुण दिले." आपले लिपिक सज्जन आहेत. नोटीस हातात देताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "बाई, पहिला आरोप कबूल करा, दुसरा नाकारा. माहीत नव्हतं म्हणा. ताकीद देऊन सोडतील." त्यांच्या सल्ल्याचा मी चार दिवस विचार केला. नाकारायचे म्हणजे सव्वीस वर्षे शिकवलेला पाठ मला येत नव्हता असे लिहून द्यायचे. तेही मी कदाचित दिले असते. पण मग त्या उत्तराचे पुढे काही होत नाही. ते चूक म्हणूनच राहते.

दुसरा आरोप मी पूर्णपणे मान्य करते. मला माहीत होते. सूची समोर होती, पाठ तोंडपाठ होता, हातात लाल पेन होते, आणि मी शून्य दिले.

१२. दोन गुण वाढले तरी तंत्रशाळेच्या जागा भरून गेल्या आहेत, हे मला कळवण्यात आले आहे. निकाल बदलण्याची तरतूद नाही हेही समजले. तेव्हा निकाल बदलावा अशी माझी मागणी नाही. माझी विनंती एवढीच आहे की दुसऱ्या आरोपावर माझ्यावर रीतसर कारवाई व्हावी. वेतनवाढ रोखावी, परीक्षकांच्या यादीतून नाव काढावे, सेवापुस्तकात नोंद घ्यावी, जे नियमात बसेल ते करावे. मात्र ताकीद देऊन प्रकरण मिटवू नये. शिक्षेचा आदेश काढायचा तर कार्यालयाला त्यात लिहावेच लागेल की परीक्षार्थीचे उत्तर बरोबर होते. दुसऱ्या कोणत्याही कागदावर ते वाक्य लिहिण्याची तरतूद मला आपल्या नियमांत सापडली नाही. नियम मी दोनदा वाचले आहेत.

त्या आदेशाची एक प्रत, शिक्का व सहीसह, त्या मुलीच्या पत्त्यावर पाठवावी. ती छापलेल्यावर विश्वास ठेवते.

आजवर आपली आज्ञाधारक,

(सही)
परीक्षक क्रमांक ४१७,
विज्ञान शिक्षिका

दिनांक : ८ डिसेंबर

सोबत :
१) पाठ्यपुस्तकातील संबंधित पान, साक्षांकित प्रत.
२) या वर्षीचा नियुक्ती आदेश, न स्वीकारता परत.
३) मुलीचा पत्ता, स्वतंत्र पाकिटात. टपालाचे तिकीट लावलेले आहे.