गल्ली सुरक्षा दल, सदस्यसंख्या एक

३ जून, सकाळी ७
काल भरदुपारी समोरच्या डेंटिस्टचं घर चोरांनी फोडलं. कुलूप तोडून लॅपटॉप नेला. गल्लीत कोणालाही पत्ता नाही. बत्तीस वर्षं गोदामाचा स्टॉक सांभाळून रिटायर झालेला माणूस इथे राहत असताना ही नामुष्की. ठरलं. गल्ली सुरक्षा दल काढायचं. समन्वयक मीच. दुसरं आहे कोण?

५ जून
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. छत्तीस जण घातले. नियमावली टाकली, कलमं चौदा. संध्याकाळपर्यंत अकरा जण बाहेर पडले. कलम सहा जरा कडकच झालंय. असो, कचरा आपोआप गळाला.

९ जून, रविवार
पहिली मीटिंग. खुर्च्या वीस, माणसं दोन: डेंटिस्ट आणि मेव्हणा. डेंटिस्ट म्हणाला, कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, आधी त्याची तक्रार करू. मी म्हटलं, दिवे नंतर, आधी संघटना. मेव्हण्याने फक्त चहाची चौकशी केली. त्याला उपसमन्वयक केलं.
घरी हिने सुचवलं, निदान एकमेकांचे नंबर घ्या, कोण एकटं राहतं ते लिहून ठेवा. समजावलं, की या बायकांच्या गप्पा झाल्या, सुरक्षा नव्हे.

१२ जून, दुपारी १२
गस्त सुरू. गोदामाचं जुनं चकाकणारं जॅकेट, गळ्यात शिट्टी. उपसमन्वयकाचा गुडघा दुखतोय, म्हणून एकटाच. एका पार्सलवाल्याला अडवून वीस मिनिटं उलटतपासणी घेतली. वैतागून पार्सल परत घेऊन गेला. ते हिचं होतं.

१७ जून
रोज तीन फेऱ्या. वहीत नोंद: शांतता. डेंटिस्टने परस्पर तक्रार करून दिवा लावून घेतला. समन्वयकाला साधं विचारलंही नाही. अशाने दल उभं राहतं का?

२० जून, दुपारी २
शेवटच्या घरातल्या रिटायर्ड नर्सबाईंच्या दाराशी सकाळचा पेपर तसाच. तिन्ही फेऱ्यांना पाहिला. चोराला आयतं आमंत्रण. नाव न घेता ग्रुपवर खडसावलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
नर्सबाई सकाळपासून बाथरूममध्ये पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलंय. ही शिवणाच्या मशीनवर बसते, तिथून त्यांची खिडकी दिसते. दुपार टळली तरी ती उघडली नाही, म्हणून ही गेली. हाक मारली तर आतून कण्हणं. डेंटिस्टने दार फोडलं. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.
हिने एवढंच विचारलं, की पेपर तुम्ही पाहिला होतात ना. मी पंखा पुसायला घेतला. नंतर तो मेसेज डिलीट करायला गेलो. एकोणीस जणांनी वाचला होता.

२३ जून, रविवार
हिने लोकांना घरी बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या, माणसं जिन्यात बसली. नंबर घेतले. कोणी कोणाची बेल कधी वाजवायची, ते ठरलं. पाऊण तासात सगळं आटोपलं. अजेंडा नाही, कलम नाही, इतिवृत्त नाही. मी उभा राहून दोन शब्द बोलणार होतो, तर सगळे चपला शोधायला लागलेले. मला रविवार सकाळ दिली आहे. नर्सबाई परत आल्या की त्यांची बेल वाजवायची. फक्त बेल.

११ ऑगस्ट, रविवार
नर्सबाई परवा घरी आल्या. आज माझी पाळी. आठला बेल वाजवली. वॉकर सरकवत दाराशी आल्या. साखळी न काढताच विचारलं, कोण. म्हटलं, सुरक्षा दलाचा समन्वयक. म्हणाल्या, आम्हाला काही घ्यायचं नाही. दार लावलं.
पुन्हा बेल वाजवली. सांगितलं, अकरा वर्षं याच गल्लीत राहतो. त्यांना चेहरा आठवेना. ते जॅकेटवाले का, असंही विचारलं नाही.
शेवटी म्हटलं, शिवणकाम करतात ना, त्या बाईंचा नवरा.
साखळी निघाली.