सीलबंद बाटली

आप्पा, तुम्ही औषधात पाणी घातलं नव्हतंत. हे तुम्हाला मी काय सांगायचं, पण आता ते आपल्या वाघोलीच्या तात्यांनाही पटलं आहे, आणि तेही त्यांच्याच गोठ्यात, सुनांदेखत. म्हणून दुपारची पोथी बाजूला ठेवून लिहायला बसले.

तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली ड्रेसर होतात. जंताचं औषध पाजायचा दिवस मला अजून दिसतो. देवळामागे शेळ्यांचा गोंधळ चाललाय, तुम्ही एकेकीची पापणी उलटून बघताय. "आत पांढरं पडलं म्हणजे जंत रक्त पितायत," मला सांगताय. मग जबडा धरून गालफडातून औषध. पाजून झालं की सगळा कळप त्याच दिवशी ज्वारी निघालेल्या स्वच्छ रानात हाकायचा, ही तुमची सक्त ताकीद. सुरुवातीला शेळ्या तरारल्या. पुढे मात्र औषध पाजूनही गळ्याखाली सुजून मरायला लागल्या, आणि तात्या पारावर चार माणसांत म्हणाले, "औषिद भाईर इकतोय आन् आमच्या शेरडांला पानी पाजतोय." तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत आणि आईने वाढलेलं ताट तसंच सरकवलंत. त्यानंतर गावात कुणी तुमच्या हातून औषध घेतलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तात्या खांदा द्यायला आले, पण बोललेलं परत घेतलं नाही. मी जमाखर्च मांडणारी बाई. इतकी वर्षं हे एक जुळत नव्हतं.

तुमची नात आता जंतांच्याच जनुकांचा अभ्यास करते. मी मॅट्रिक, मला कळावं म्हणून तिने मी तांदूळ निवडत असताना समजावलं. "आई, औषध जंताच्या अंगातल्या एका प्रथिनाला चिकटतं, तेव्हा जंत मरतो. त्या प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते. एखाद्या जंतात त्या कृतीतलं एकच अक्षर जन्मतः बदललेलं असतं. त्याला औषध चिकटतच नाही. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढची प्रजा सगळी ह्याची." म्हटलं, "मग आप्पा शेळ्या स्वच्छ रानात सोडायचे ते?" "तिथे दुसरे जंत नसतातच ना. ह्यांचीच अंडी पडतात, ह्यांचंच राज्य." माझा सुपातला हात थांबला. "म्हणजे आप्पा चुकले?" "तेव्हा सगळ्यांना तसंच सांगत होते गं. पण औषध चालेनासं व्हायला त्यात पाणी घालावं लागत नाही."

ह्या वर्षी ती आपल्या गावच्या शेळ्या तपासायला निघाली. रिक्षा नको म्हणून मी तिला बसनेच नेलं. चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात, तरी तात्यांनी शेळ्या सोडलेल्या नाहीत. म्हणाले, "औषिद दुकानातलं हाय, सरकारी न्हाय. सील म्या सोता फोडलं, म्या सोता पाजलं." पंधरवड्याने तिने लेंड्या तपासल्या. अंडी तशीच. त्यांतून निघालेल्या जंतांचं जनुक पाहिलं, तर बहुतेकांत ते अक्षर बदललेलं.

सांगायला पुन्हा गेलो तर तात्या म्हणाले, "मंग औषिदच खोटं आसंल." "नाही आजोबा," पोर म्हणाली, "तुमच्याच बाटलीतलं दुसऱ्या कळपाला पाजलं. तिथले जंत मेले."

मग मी विचारलं, "तात्या, ह्या बाटलीत पाणी कुणी घातलं?"

थोरली सून पदराआड हसली. तात्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "तुजा बाप सरळ व्हता. म्या चुकलो, बाय."

"हे पारावर म्हणाल?"

"पार कुठं ऱ्हायलाय आता? पार्किंग झालंय तितं."

"मग पार्किंगमध्ये म्हणा."

आणि खरंच म्हणाले, आप्पा! काठी टेकत गेले, खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना तुमचं नाव घेऊन मोठ्याने सांगितलं. एक जण कानाला हात लावून "काय?" म्हणाला, तर पुन्हा सांगितलं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. घरी येऊन मी रामापुढे दिवा लावला आणि तात्यांना क्षमा कर म्हणाले. पण कानाला हात लावणाऱ्या त्या म्हाताऱ्याला ऐकू आलं होतं, आप्पा, पहिल्याच वेळी. पुन्हा विचार म्हणून खूण मीच केली होती.