हडपसरच्या पुढे

बाबा, मी हल्ली कंपन्या शोधते. खराडीला एका उंच इमारतीत, एसीच्या गारठ्यात खांद्यावर शाल घेऊन. कुणाला कंपनी विकत घ्यायची असते, कुणाला माल बनवून घ्यायचा असतो, त्यांच्यासाठी आम्ही शोधतो. त्यासाठी एक वेबसाइट आहे. ती तुमच्या त्या जाड पिवळ्या डिरेक्टरीसारखी नाही. कंपनीचं नाव माहीत असायची गरज नसते. आपल्याला काय हवंय ते साध्या वाक्यात लिहायचं, की ती कुठून कुठून माहिती गोळा करून समोर मांडते. कंपनी कुठे आहे, काय बनवते, कधी सुरू झाली, साधारण किती माणसं आहेत. मग मी एकेक उघडून वाचते, फोन करते, खरं-खोटं करते. तुम्ही म्हणाला असतात, "आणि याला पगार देतात?" देतात, बाबा. बरा देतात.

गेल्या महिन्यात औषधं बनवणाऱ्या एका कंपनीला प्रयोगशाळेची काचेची उपकरणं हाताने बनवून देणारे लहान कारखाने हवे होते, पुण्याच्या आसपासचे. मी ते वाक्य टाइप केलं आणि बघत बसले. ते तुमचं वाक्य होतं. भोसरीला, पिरंगुटला, चिंचवडला, प्रत्येक गेटवर स्कूटर उभी करून तुम्ही तेवढंच विचारायचात, "इथे काचेचं काम होतं का?"

तुमचा कारखाना म्हणजे एरंडवण्याच्या बोळातली एक पत्र्याची शेड. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन यायचे. तुम्ही ज्योतीत काचेची नळी फिरवताय, ती मऊ होऊन वाकतेय, आणि दुसऱ्या टोकाने तुम्ही फुंकताय. डोळ्यांवर तो जांभळट चष्मा, गाल फुगलेले. बोलता यायचं नाही, म्हणून मला बघून नुसत्या भुवया उडवायचात. तेवढ्यासाठी मी दारात थांबून राहायचे. मग यंत्रावरचा स्वस्त माल आला, मालकांनी जागा बिल्डरला दिली आणि शेड पडली. शेवटच्या दिवशी उरलेल्या नळीतून तुम्ही लोणच्याच्या बरणीसाठी एक काचेचा चमचा बनवून आणलात आणि आईच्या हातात ठेवलात. "कंपनीची शेवटची ऑर्डर," म्हणालात. आई हसली. मीही हसले. तुम्हाला दुसरीकडे काम मिळणार नाही असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नव्हतं.

त्यानंतरचं दीड वर्ष तुम्ही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होतात. कंपन्यांच्या नावांवरून काही कळायचं नाही. सगळीकडे एंटरप्रायझेस आणि इंजिनिअर्स. आत काच आहे की लोखंड, ते गेटवर विचारल्याशिवाय समजायचं नाही. सोलापूर रस्त्याने तुम्ही हडपसरपर्यंत जायचात आणि तिथून परत फिरायचात. पुढे काय आहे असं मी विचारलं, तर म्हणालात, "पुढे ऊस आहे." एका संध्याकाळी तुम्ही ओट्याशी उभे राहून पाणी पीत होतात. शर्ट पाठीला चिकटलेला. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "अहो, आता पुरे झालं हे फिरणं. माझ्याच्यानं बघवत नाही." तुम्ही पेला विसळून पालथा घातलात आणि म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवशी तुम्ही शर्टाला इस्त्री केली नाहीत.

मग आपल्याच कर्वेनगरातल्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी. मी एकदा थर्मासमधून चहा घेऊन आले, तर तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणालात, "इथे येत जाऊ नकोस. मी इथे नोकरीला आहे, प्रदर्शनाला नाही." चहा मात्र घेतलात. मला राग आला नाही. तुम्ही कपात फुंकर घालत होतात आणि मी तुमच्या गालांकडे बघत होते. त्याच वर्षी, ड्यूटीवरून घरी येऊन चपला काढायला वाकलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारचे म्हणाले, चांगलं मरण आलं. आईने तुमच्या चपला उचलून जागेवर ठेवल्या.

तर वेबसाइटने मला सात-आठ नावं दिली. बहुतेक तुमच्यानंतरची होती. एक मात्र जुनी निघाली. नाव नेहमीचंच, कुणीतरी अँड सन्स इंजिनिअर्स. पत्ता लोणी काळभोर, हडपसरच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. 'काय बनवते' यासमोर लिहिलं होतं, काचेची उपकरणं, हातकाम. सुरू झाल्याचं वर्ष तुमची शेड पडली तेच. मी मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, "आर यू ओके?" मी म्हटलं, हो, एसी लागतोय.

फोनवर काम झालं असतं, तरी मी गेले. हडपसर मागे पडलं, आणि पुढे ऊस होता, बाबा, पण उसाच्या मध्ये कॉलेजं होती, गोदामं होती, आणि एका वळणावर निळं गेट होतं. मालक सत्तरीचे, गावचेच, पांढरी टोपी. त्यांनी मला सगळा कारखाना फिरवून दाखवला. चार बर्नर, चार मुलं. जांभळट चष्मे. मी वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवत होते. शेवटी विचारलं, "सुरुवातीला कारागीर कुठून आणलेत?"

"आणतोय कुठला!" ते म्हणाले. "मशिनरी घेतली, गॅस आणला, आन् फुंकणारा माणूसच न्हाई. दोन वर्षं लई हाल काढले. मुंबईचा एक यायचा, म्हैनाभर ऱ्हायचा, पळून जायचा. बंदच करणार व्हतो."

"जाहिरात नाही दिलीत?"

"दिली की. पर लोकांना वाटायचं बाटल्यांचा कारखाना हाय. पुण्यात येका शेडमधी चांगली माणसं हायेत असं ऐकलं व्हतं, म्हणून मी सोता गेलो. एरंडवण्यात. तर तिथं खड्डा खणलेला. बिल्डरचा माणूस म्हणला, ते सगळे गेले. कुठं गेले, त्याला काय म्हाईत."

बाबा, ते तुम्हाला शोधत आले होते. तुम्ही भोसरीच्या उन्हात गेट-गेट विचारत होतात आणि हा माणूस तुमच्या शेडच्या जागेवर उभा राहून तुमचा पत्ता विचारत होता. मी म्हटलं, "माझे वडील त्या शेडमध्ये होते." आणि वही मिटून तिथल्याच एका स्टुलावर बसले. त्यांनी एका मुलाला पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः टोपी काढून हातात घेतली.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मी घरी आले तेव्हा ती मेथी निवडत होती. "कुठे गेली होतीस आज?" "लोणीला, एक कंपनी बघायला." "बरी होती का?" "बरी होती," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर बसून मेथी निवडायला लागले. तिने फिरणं पुरे करा म्हटलं तेव्हा तुमच्या दोघांमध्ये आणि त्या निळ्या गेटमध्ये स्कूटरवरची तासाभराची वाट होती. आता तिच्या हाताला भरली बादलीही पेलत नाही. एवढं ओझं मी त्या हातात कसं देऊ?

कारखान्याबद्दल मी चांगलं लिहिलं. त्यांना ते काम मिळालं, म्हणून काल मालकांचा आभाराचा फोन आला. पण तेवढ्यासाठीच आला नव्हता. त्या दिवशी पाणी प्यायल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "वडील आता कुठं असतात?" आणि मी म्हणाले होते, "घरीच असतात." का म्हणाले, माहीत नाही. मला 'गेले' हा एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारवेना. तर काल ते म्हणाले, "त्यांना घिऊन या की येकदा. फुंकायला नको, नुसतं बसून पोरांना दावायचं. गाडी पाठवतो."

मी म्हटलं, "तब्येत जरा नाजूक असते त्यांची. विचारून सांगते."

"विचारा, विचारा. घाई न्हाई."

फोन ठेवल्यावर मला खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. इतक्या वर्षांनी तुमच्यासाठी काम आलं होतं, आणि मला ते नको म्हणायचं नव्हतं.