नऊशे दहा मिलिमीटरचं टेबल

५ मे, सोमवार

रजेचा पहिला दिवस. बेचाळीस दिवस, बिनपगारी. नियम आजच लिहून ठेवते, नंतर पळवाट नको — १५ जूनच्या संध्याकाळपर्यंत एक पूर्ण गोधडी, माझ्या हातची. झाली तर राजीनामा. नाही झाली तर १६ तारखेला सकाळी ६.४० ची कंपनीची बस, चाकण, मोजमाप विभाग. आणि गोधडीचा विषय पुन्हा काढायचा नाही.

नियम फक्त आईला माहीत आहे. बाबांना रजा साठली होती असं सांगितलंय. ऑफिसात दोन तर्क चालू आहेत — लग्न किंवा मणका. मी कोणताच खोडला नाही.

आईने पाच जुन्या सुती साड्या दिल्या. सहावी, जांभळ्या चौकडीची, हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत कपाटात ठेवली. 

जमिनीवर ओणवं होऊन मी काही कापणार नाही. आधी टेबल.

६ मे, मंगळवार

माझं कोपर जमिनीपासून १०१० मिमीवर. उभ्याने कापायचं तर टेबल त्याच्या शंभर खाली हवं. म्हणजे ९१०. वरची फळी १८०० गुणिले १२००. हॉलमध्ये बसते, पण सोफा बाल्कनीत जातो.

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांना उठवून सोफा हलवला. "मी पण बाल्कनीत जायचंय का?" त्यांनी विचारलं. मग गेले.

९ मे, शुक्रवार

बद्रीनाथ सुतार येऊन गेले. माझं रेखाचित्र त्यांनी आधी उलटं, मग आडवं धरून पाहिलं. उंचीचा आकडा वाचून म्हणाले, "ताई, यावर ऑपरेशन करायचंय का कुणाचं?"

गोधडी, म्हटलं. त्यांनी रेखाचित्र पुन्हा पाहिलं. मग, "गोधडीला टेबल?" आणि हसू आवरायला पेन्सिल तोंडात धरली.

दोन सूत इकडेतिकडे होईल म्हणाले. एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. दोन म्हणजे सहा. मी म्हटलं, अर्धा मिलिमीटर. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे.

१४ मे, बुधवार

टेबल उभं राहिलं. पाणसळ ठेवली — बुडबुडा सरळ बाल्कनीच्या विरुद्ध टोकाला! टेबल उलटंपालटं करून तपासलं. टेबल बरोबर आहे. घर चुकलंय. हॉलची फरशी एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सात मिलिमीटर उतरते.

हे जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "तीस वर्षं राहतोय. अजून कुणी घरंगळत गेलं नाही."

एका पायाखाली फट आहे. कंपनीचं ओळखपत्र सरकवून पाहिलं; त्याची जाडी ०.७६ मिमी, हे पाठ आहे. सैल बसलं. कार्डाचा सध्या एवढाच उपयोग. स्क्रूने वरखाली होणारे पाय मागवले.

१९ मे, सोमवार

नवे पाय बसवले. सकाळी सव्वाअकराला टेबल सर्व दिशांनी ०.५ मिमीच्या आत. मी तशी भावनाप्रधान नाही, पण पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

बाराला पुन्हा पाहिलं तर बुडबुडा सरकलेला. कारण — बाबा. टेबलावर दोन्ही कोपरं टेकून उभ्याने पेपर वाचत होते. त्यांच्या मते उभ्याने वाचलं की अग्रलेख लवकर संपतो.

२० मे, मंगळवार

कापायची चटई आली. हिरवी, सेंटिमीटरच्या चौकटी आखलेली. गुंडाळी सुटून सपाट व्हायला चोवीस तास लागतात, असं पाकिटावर लिहिलंय. म्हणून आज कापलं नाही.

२२ मे, गुरुवार

आभाळ भरलेलं, गच्चीवर कबुतरं. आईने साबुदाण्याच्या पापड्या टेबलावर घातल्या. चटईवर पारदर्शक प्लास्टिक, वर पंखा पाचवर. प्लास्टिकखालच्या चौकटी दिसतात, त्यामुळे प्रत्येक पापडी बरोबर पाच बाय पाचच्या घरात. एकूण एकशे ब्याण्णव.

मी विरोध नोंदवला. आई खूश होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि पापड्या पहिल्यांदाच एका मापाच्या झाल्या म्हणाली. नंतर, माझ्याकडे न बघता, "तुझा कितवा दिवस आज?"

अठरावा.

२४ मे, शनिवार

बापूराव आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीचा नकाशा पसरायला जागा हवी होती. बाबांनी त्यांना "आमच्याकडे मोठी सोय आहे" असं सांगून ठेवलेलं. मागोमाग समितीचे आणखी सहाजण. खुर्च्या नव्हत्याच, सगळे टेबलाभोवती उभे.

सभा बावीस मिनिटांत संपली! याआधीची सर्वांत छोटी सभा पावणेतीन तासांची होती. बापूरावांनी जाताना टेबलावर थाप मारली आणि यापुढच्या सगळ्या सभा इथेच घेऊ म्हणाले. ठरावही मांडला. बाबांनी अनुमोदन दिलं. मला कुणी विचारलं नाही, कारण मी सभासद नाही.

चटईवर चहाचं एक वर्तुळ. व्यास ६४.

२५ मे, रविवार

पाटी लावली. सुवाच्य अक्षरात — "हे टेबल फक्त कापड कापण्यासाठी आहे."

संध्याकाळी त्याखाली पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात — "मग कापा."

२६ मे, सोमवार

पहिली साडी पसरली. रेघ आखली. पुसली. पुन्हा आखली. कात्री हातात घेतली तेव्हा चटईची एक कड १.५ मिमी उचललेली दिसली. वजनाखाली ठेवली.

बाबांनी काही विचारलं नाही. हेच त्रासदायक आहे.

२९ मे, गुरुवार

खाली सुदर्शन इस्त्रीवाले आहेत. वीस वर्षं आमचे शर्ट त्यांच्याकडे जातात, एकाही बाहीची घडी कधी वाकडी आली नाही. आज त्यांचं टेबल मोजलं. एका पायाखाली वीट, दुसऱ्याखाली कपड्याची घडी. उतार बारा मिलिमीटर.

किती निघालं, त्यांनी विचारलं. सांगितलं. "बरोबर आहे. इस्त्री आपोआप माझ्याकडे येते," म्हणाले. मला या उत्तरातली चूक सापडली नाही.

मग त्यांनीच विचारलं, कशासाठी चाललंय हे. का कोण जाणे, सांगून टाकलं. त्यांची आई सोजरबाई, बीडकडची, पन्नास वर्षं गोधड्या शिवायची. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले. जमिनीवर बसली की उठता येत नाही, म्हणून शिवण बंद. दिवसभर खाटेवर बसून रस्ता बघते. "तिला दाखवू का टेबल?"

हो म्हटलं. तंत्र शिकून घेता येईल, एवढाच हेतू.

१ जून, रविवार

सोजरआजी आल्या. अठरा पायऱ्या, अकरा मिनिटं. टेबलाभोवती एक फेरी मारली. फळीवर तळहात फिरवला. मी उंचीमागचं गणित समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढायचं कसं?"

मी म्हटलं, चढायचं नसतं. उभं राहायचं.

"गोधडी हाय ही, पोरी. तिच्यावर बसल्याबिगर ती शिवायची कशी?"

बाबांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक काढली. तिच्यावर पाट. सुदर्शननी एक हात धरला, बाबांनी दुसरा. आजी ट्रंकेवर, पाटावर, टेबलावर. सरकत मध्यभागी गेल्या आणि पाय पसरून बसल्या. टेबल चाळीस किलोसाठी काढलंय, पण पाचपट भार धरून; त्या अठ्ठेचाळीसच्या. डोकं पंख्याच्या पात्याखाली सातशे चाळीस मिमी. मोजलं, चालेल.

"उतरायला पाय खाली सोडले की झालं," त्या म्हणाल्या. हे बोलताना सुदर्शन दुसरीकडे बघत होते.

मग माझी रेघ आखलेली साडी ओढली, कडेला दातांनी चीर दिली आणि दोन्ही हातांनी फाडली. टरकन! एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अठ्ठावीस दिवसांत घरात पहिल्यांदा कापडाला काही झालं.

मी फाडलेली कड पट्टीला लावून पाहिली. विचलन शून्य. कापड स्वतःच्या धाग्यावरच फाटतं. म्हणजे कापायच्या टेबलावर कापायचं काहीच नव्हतं.

पाटी काढून टाकली.

५ जून, गुरुवार

आजी रोज दहाला येतात, पाचला उतरतात. चहा वर, जेवण वर. बाबा टेबलाच्या कडेला उभे राहून त्यांना पेपर वाचून दाखवतात. अग्रलेख आजींनी पहिल्याच दिवशी बंद पाडला. बापूराव सभेचं विचारायला आले होते. आजींना टेबलावर पाहून त्यांनी नमस्कार केला आणि विषय न काढता गेले.

ऑफिसातून दत्तप्रसाद सरांचा फोन. बरं वाटतंय का? सोळाला येतेस ना? हो म्हटलं. तेवढ्यात वरून आजी, "पोरी, सुई दे!" सरांनी हळू आवाजात विचारलं, मी हॉस्पिटलमध्ये आहे का.

१० जून, मंगळवार

मी कडेला उभी राहून शिवते, आजी मध्ये बसून. उंची माझ्यासाठी अचूक आहे, हे नोंदवून ठेवते. ओळींची नोंद रोजची — आजच्या अखेर आजी ४८, मी ९. माझा एक टाका चार मिमी, कमीजास्त अर्धा. आजींनी त्यावरून बोट फिरवलं. "छान हाय. मशीन आजारी पडल्यावानी."

दुपारी त्यांनी माझी एक पूर्ण ओळ उसवली. पुन्हा घातली. ती चांगली आली. मोजली नाही.

१४ जून, शनिवार

एक कोपरा राहिलाय. आजी म्हणाल्या, तो बंद करण्याआधी आत काहीतरी घालायचं. त्यांची आई भाकरीचा तुकडा घालायची. उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये म्हणायची. आईने लगेच भाकरी आणली.

मी नाही म्हटलं. मुंग्या होतील, बुरशी धरेल. कारणं क्रमाने सांगितली. "मग काय घालू?" आजींनी विचारलं. मी निकष दिले — न कुजणारं, चपटं, धुण्यात टिकणारं, कोपरे गोल, म्हणजे टोचणार नाही.

आजी विचारात पडल्या. आईसुद्धा. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा दोघी एकदम गप्प झाल्या.

१५ जून, रविवार

दुपारी चार. गोधडी पूर्ण. आजींनी स्वतः घडी घातली. आज उघडायची नाही म्हणाल्या, उद्या अंगावर घे. मग पाय खाली सोडले, ट्रंकेवर आल्या, उतरल्या. दारात पोचल्यावर वळून टेबलाकडे पाहिलं. "परत कधी येऊ?"

 उत्तर आईने दिलं, दहाला.

एकूण ओळी ८४. आजी ६७, मी १७. म्हणजे वीस टक्के. माझ्या हातची म्हणता येत नाही. नियम मीच लिहिला आहे, तारखेसकट. गणवेश इस्त्री करून आणला. सुदर्शननी एवढंच म्हटलं की त्यांची आई खाटेवर बसायचं विसरली.

ओळखपत्र सापडत नाही. टेबलावर पट्टीखाली असायचं. आईला विचारलं, तिने पाहिलं नाही म्हणाली. फार पटकन म्हणाली.

१६ जून, सोमवार

सकाळी ६.१०. घडी उचलून बाजूला ठेवताना तिचा एक कोपरा ताठ लागला. उघडला. वर एक चौकोनी ठिगळ आहे, जांभळ्या चौकडीचं. ती साडी कपाटात होती.

कापडावरून मोजलं. ८६ गुणिले ५४. चपटं, न कुजणारं, कोपरे गोल.

कार्ड नसलं तरी गेटवर हंगामी पास मिळतो. मला माहीत आहे.

६.४०. बस आली. हॉर्न दोनदा वाजला. उसवायची कात्री माझ्या उजव्या हाताला आहे. मी टेबलावर बसले आहे, मध्यभागी, गोधडी पायांवर. स्वयंपाकघरात आई भांडी गरजेपेक्षा जास्त वाजवते आहे.

बस गेली. बाबा पेपर घेऊन आले, माझ्याकडे पाहिलं, खाली ट्रंकेकडे पाहिलं.

"मी पण चढायचंय का?"

पाट त्यांच्या बाजूला सरकवला.