गोळाभात, इटालियन लाल वाइन आणि राहते घर

मी, किसनराव गुलाबराव गावंडे, वय ७३, धंदा बी-बियाण्याचे दुकान, राहणार बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. शंका असेल त्याने माझी पत्नी लीलाबाई हिला विचारावे; वाइनच्या कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असते.

१. दुकान व त्यातील माल धाकटा मुलगा अमर याला. तो गिऱ्हाइकाशी फार गोड बोलतो. त्यातले थोडे घरी आणले तरी चालेल.

२. बियाण्याच्या कंपनीने आम्हा विक्रेत्यांना इटली दाखवली, तेव्हा बाकीचे घरचा चिवडा खात बसले आणि मी जेवणासोबत आलेली लाल वाइन चाखली. आधी जांभळासारखी तुरट, मग आंबट, मग बराच वेळ जिभेवर रेंगाळणारी. तेव्हापासून नागपूरहून तिथलीच कियांती नावाची वाइन आणतो, स्वस्तातली. महागडीची ऐपत आहे, परवानगी नाही.

उरलेल्या बाटल्यांवर अमरचा हक्क नाही. ही ड्राय आहे, म्हणजे गोड नाही, असे मी त्याला समजावले, तर ही ड्राय डेला चालते असे तो चारचौघांत सांगून आला. वर बर्फ आणि सोडा घातला. हे मी विसरलेलो नाही.

३. त्या बाटल्या सून सुरभी हिला, म्हणजे थोरल्या अक्षयच्या पत्नीला. तर्रीसोबत ही वाइन कडू लागे, झणझणीत वांग्यासोबत तोंडात जाळ होई, आणि मी वाइनलाच नावे ठेवी. अक्षय गेल्यानंतरच्या वर्षी सुरभीने माझ्या पेल्यातला एक घोट घेतला आणि म्हणाली, "बाबा, इचं काही चुकत नाही. आपलंच तिखट लय हाय." तिने मिरची कमी करून, भातात डाळीचे गोळे घालून गोळाभात केला, वरून फोडणीचे गरम तेल. तेलाने वाइनचा तुरटपणा पार मऊ झाला. लीलाबाईनेही चमचाभर मागितली, औषध म्हणून. अक्षय गेल्यापासून आम्ही पहिल्यांदा हसलो ते त्या दिवशी.

४. राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे, ते सुरभीला. लीलाबाई हयातभर तिथेच राहील. अमर आईला म्हणाला होता, "वहिनीले माहेरी पाठवून दे, घर आपल्यातच राहीन." ते मी ऐकले. वाईट वाटले, अजून वाटते. सुरभी आपल्यातलीच आहे. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच.

५. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला, की मंडळी मेलेल्याच्या नावाने वाटेल ते कबूल करतात. माझ्या वडिलांच्या वेळी काकांनी असेच एक वावर कबूल करून घेतले. माझ्या पिंडापुढे कोणी "घर अमरला देतो" म्हणू नये. माझी इच्छा वर लिहिली आहे.

बेंबळा नदीच्या काठी पिंडाशेजारी गोळाभात ठेवावा, सोबत चमचाभर वाइन. अशा वेळी बायका काठावर येत नाहीत हे मला माहीत आहे, सुरभीला न्यावेच. तिने हात जोडून एवढेच म्हणावे, "बाबा, तिखट कमी टाकलं."

कावळा येईल.

सही: कि. गु. गावंडे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
१. जफर शेख, मोटार मेकॅनिक. हा पीत नाही. नागपूरच्या दुकानाबाहेर गाडीत बसून माझी वाट पाहतो. त्याच्या शुद्धीबद्दल वाद नसावा.
२. डॉ. उर्वशी राठोड

बाभुळगाव, दि. १२ जानेवारी २०२५