पाच पेट्यांतली आत्या

१२ जून
आजपासून अख्ख्या जिल्ह्यातल्या शाळांचा लेखन-समन्वयक मी. ऑर्डर हातात आली. खोलीही मिळाली. पूर्वी तिथे जुने नकाशे ठेवायचे, अजूनही ठेवतात. खुर्ची मागवायची आहे.
मुलांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत, ही ओरड ऐकून कान किटले. या वर्षी ती बंद करणार म्हणजे करणार. शिक्षणाधिकारी मॅडमनी स्पष्ट सांगितलं की एक वर्ष देते, मुलांच्या लिखाणात फरक दिसला तर पद राहील, नाहीतर तुम्ही परत सातवीच्या वर्गावर. मी म्हटलं, वर्ष कशाला, सहा महिने पुरेत. बायकोच्या मते हे बोलायची काही गरज नव्हती. तिला प्रशासन कळत नाही.

१५ जून
योजना तयार! दाढी करताना सुचली. निबंध म्हणजे पाच पेट्या. पहिलीत ओळख, मधल्या तिन्हींत एकेक मुद्दा, शेवटच्या पेटीत समारोप. मुलाने पेट्या भरायच्या, निबंध आपोआप होतो. आजवर हे कुणालाच कसं सुचलं नाही, कमाल आहे.
जेवणानंतर बबडीने नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. बबडी म्हणजे आमची कन्या, आठवीत आहे. रोज काहीबाही लिहायची खोड, आणि ऐकवायचं ते मलाच. आज बस चुकली म्हणून बसलाच रागावून पत्र लिहिणाऱ्या एका आजोबांवर होतं. तिची आई हसून हसून बेजार. मला नेमका खोकला आला. पण त्यात ना ओळख होती, ना समारोप. तिला पेट्या समजावून सांगितल्या. सुरुवात घरापासून केलेली बरी.

२८ जून
जिल्ह्यातल्या भाषाशिक्षकांची कार्यशाळा. प्रोजेक्टर बंद पडला. तीन तास सभागृहात पंखा आणि मी, दोघंच चालू होतो.
एक भूगोलवाले सर आहेत. त्यांच्या शाळेत भाषेला कुणी नाही म्हणून भाषाही तेच शिकवतात. त्यांनी विचारलं की मुलाला सांगण्यासारखं एकच असेल तर उरलेल्या पेट्यांचं काय करायचं. मी म्हटलं, मार्क कापायचे. मग म्हणाले, आणि दहा गोष्टी सांगायच्या असतील तर? त्यांना प्रश्न लेखी द्यायला सांगितलं. बराच हशा झाला. माझ्या बाजूने असावा.
शेवटी सगळ्यांनी एकमुखाने नमुना मागितला. उत्साह म्हणतात तो हा.

१ जुलै
नमुना लिहून काढला. विषय, माझी आत्या. आत्या शिवणयंत्र चालवते, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधते, उरलेली बटणं मुलांना वाटते. समारोपात मुलं तिच्यासारखं व्हायचं ठरवतात. मला आत्या नाही, त्यामुळे लिहिताना भावना मध्ये आल्या नाहीत. वर ठळक अक्षरांत ‘फक्त नमुन्यादाखल’ असं टाकून सगळ्या शाळांना पाठवला.

१९ जुलै
बबडी शाळेतून रडत आली. जिवलग मैत्रीण गाव सोडून चालली आहे. मी शांतपणे सांगितलं की आधी रडण्याचं कारण एका वाक्यात सांग, मग त्याला तीन मुद्दे दे. रडणं ताबडतोब थांबलं. उठून खोलीत गेली. म्हणजे पद्धत घरातही लागू पडते.
बायकोने पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं.

६ ऑगस्ट
बबडीने बरेच दिवस काही वाचून दाखवलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, पेट्या भरत नाहीत अजून. मुलगी स्वतःशी कडक व्हायला लागली, चांगलं लक्षण आहे. आता जेवणानंतरचा वेळ मोकळा मिळतो, त्यात फाइली वाचतो. फाइली वाचताना मजा येत नाही, पण फाइलींकडून ती अपेक्षाच नसते.

२ सप्टेंबर
अचानक शाळाभेट. भिंतीवर रंगीत पाच पेट्या. फळ्यावर निबंध, आणि अख्खा वर्ग मान खाली घालून लिहितोय. टाचणी पडली तर ऐकू येईल. वर्गाच्या बाई म्हणाल्या, पूर्वी निबंधाच्या तासाला मुलं फार बोलायची, एकमेकांना वाचून दाखवायची, आता त्रास नाही. शेरेबुकात ‘उत्तम’ लिहिलं.
परत आल्यावर कळलं, भूगोलवाल्या सरांनी मॅडमकडे माझी कागाळी केली. म्हणे मुलं निबंध लिहीत नाहीत, फॉर्म भरतात. करा काय करायचं ते. मी बधणारा नाही.

१८ नोव्हेंबर
जिल्हाभर लेखनचाचणी. विषय, माझी आवडती व्यक्ती. सगळे निबंध मी शाळांच्या कॉम्प्युटरवर टाइप करून घेतले. नाव नाही, शाळा नाही, हस्ताक्षर नाही, फक्त क्रमांक. पक्षपाताचा आरोप करून दाखवा म्हणावं! तपासणार मी स्वतः.

२५ नोव्हेंबर
पहिलाच पेपर उघडला, आत्या. दुसरा, आत्या. डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत आत्याच आत्या, आणि प्रत्येकीच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. एका आत्याला मिशा होत्या. त्या मुलाने बहुधा काकावर सुरुवात केली असावी. कुणी याला कॉपी म्हणेल. कॉपी म्हणजे चोरी. मी तर स्वतःच्या हाताने दिलं होतं.
एकाच पेपरने सगळ्यावर पाणी फिरवलं. म्हणे माझे बाबा. हे गृहस्थ जेवताना मुद्देसूद बोलतात. मुलगी रडली तर तिच्याकडून कारण एका वाक्यात मागतात. हसू आलं की कबूल करत नाहीत, खोकतात, आणि मुलगी रोज लिहिते ती त्यांना खोकायला लावायला. ना पेट्या, ना समारोप. वाचताना मला दोनदा खोकला आला. या नकाशांची धूळ एकदा झाडून घ्यायला हवी.
वीसपैकी तीन. शेरा लिहिला, ‘व्यक्ती अविश्वसनीय. असा माणूस कुणाचा आवडता कसा असेल?’ शेरा झकास जमला. शिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणात वापरायचा.

४ डिसेंबर
आढावा बैठक. सगळे मुख्याध्यापक, शिक्षक हजर. मॅडमनी सुरुवातीला ओळीने तीन आत्या वाचल्या. चौथी सुरू केल्यावर मागून कुणीतरी पुढचं वाक्य पूर्ण केलं. मी उठून सांगितलं की याला समानता म्हणतात, जिल्ह्यात प्रथमच आली आहे.
मग त्यांनी तो बाबांचा पेपर काढला. पूर्ण वाचला. आधी लोक पोट धरून हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. नंतर कुणीच हसेना. भूगोलवाले सर नाक पुसत होते. मी म्हटलं, गृहस्थ विक्षिप्त दिसतात, त्या मुलीची चौकशी व्हायला हवी. मॅडम म्हणाल्या, एवढ्या पेपरांत एकच मूल स्वतःचं काही सांगत होतं आणि त्याला तुम्ही तीन मार्क दिलेत. मग त्यांनी लेखनिकाला क्रमांकावरून नाव काढायला सांगितलं.
त्याने नाव वाचलं. आडनावापर्यंत आल्यावर अडखळला आणि माझ्याकडे बघायला लागला. मग सगळेच बघायला लागले.
पद रद्द. जानेवारीपासून सातवीचा वर्ग.

५ डिसेंबर
पद गेलं तर गेलं. पेट्या बरोबरच होत्या. शिक्षकांनी घोळ घातला, मॅडमना घाई झाली. सातवीच्या वर्गावर दाखवून देईन एकेकाला. हे सगळं सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, आधी पोरीशी बोला. तपासलेल्या पेपरांच्या प्रती बैठकीआधीच शाळेत परत गेल्यात, तुमचा शेरा तिने वाचलाय.
संध्याकाळी तिच्या खोलीत गेलो. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, बाबा, चुकलं ते सुधारून काढलंय. वही पुढे केली. माझी आत्या. पाचही पेट्या काठोकाठ. नियमाने वीसपैकी वीस द्यावे लागले असते.
मी म्हटलं, हे राहू दे. शेरा चुकला माझा. फार वाईट वाटतंय मला. तू आपली पूर्वीसारखं काहीतरी लिही आणि मला वाचून दाखव, मला ऐकायचंय.
ती लगेच ताठ बसली. नवीन पान काढलं, पट्टी घेऊन पाच चौकोन आखले, आणि म्हणाली, सांगा बाबा, मुद्दे काय काय घेऊ?
मला एकही सुचेना.