दहाव्या माणसाचे घर

बाबा, त्या सकाळी मी अंघोळ केली, टोपी घातली आणि मुलाने परदेशातून पाठवलेला कागद मोठ्याने वाचायला बसलो. अक्षरे आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातली, हिब्रू होती. शनिवारी आपल्या तेलाच्या घाण्याचा बैल सुटा असे, तेव्हा ओट्यावर बसवून तुम्ही मला शिकवलीत तीच. एकदा त्या अक्षरांचे फाटके पान माझ्या पायाखाली आले. तुम्ही मारले नाहीत. "उचल, ओठांना लाव," एवढेच म्हणालात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. म्हणून हाही कागद मी आधी ओठांना लावला. दोन पाने सुरात वाचली. त्या भाषेचा अर्थ तुम्हाला कळत नव्हता, मलाही कळत नाही. शेवटी मी 'आमेन'सुद्धा म्हणालो. मग पाकिटातली मुलाची मराठी चिठ्ठी उघडली. मी वाचला तो कागद म्हणजे घराचा करार होता: दोन खोल्या, मोरी, सामाईक जिना, सांडपाण्याचा नळ शेजाऱ्याच्या भिंतीतून. घर आम्हा दोघांच्या नावावर होणार, आता फक्त माझे मुखत्यारपत्र राहिले आहे, ते आले की माझ्या वतीने तो तिथली नोंदणी करील आणि किल्ली घेईल. "तुम्हीही इथेच राहायला या," असेही त्याने मला लिहिले होते. मी सांडपाण्याला आमेन म्हटले होते. हसू आले, पण घरात सांगायला कोणी नव्हते. तुमची सून वारून दोन वर्षे झाली.

शनिवारी आपल्या यहुदी मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या काकांना सांगितले. ते पोट धरून हसले. "गटाराला आमेन! बरं झालं रे, आता जन्मात तुंबायचं नाही." मग डोळे पुसत म्हणाले, "पण घर मुलाचं ना? का तुझं?"

"मुलाचं," मी म्हणालो.

"मग ठीक. तू गेलास तर आम्ही नऊ जण काय, एकमेकांची तोंडं बघत बसणार?"

बाबा, तुमच्या वेळी मागच्या बाकांवर जागा मिळत नसे. गेल्या वर्षी आणखी दोन घरची माणसे बोटीने मुलाच्याच देशात गेली आणि आम्ही मोजून दहा पुरुष उरलो. प्रार्थनेला दहा पुरुष जमल्याशिवाय पोथी पेटीबाहेर निघत नाही. कुणाला ताप आला तर काका त्याला टांग्यातून आणवतात. मी गेलो की ती पेटी बंदच राहील, हे मला काकांइतकेच ठाऊक आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला की मी मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणतो, आणि ऐकून आमेन म्हणायला घरात कोणी नसते. थोडा वेळ थांबतो, मग स्वतःच म्हणतो आणि एकट्याने जेवतो. मशिदीत दहा असतात, ताटावर मी एकटा. कोणते मोठे, हे तुम्हाला विचारायचे होते.

महिनाभर कागद कपाटात ठेवला. मग सोमवारी मुखत्यारपत्र करायला कचेरीत गेलो. साक्षीला आपल्या घाण्याचे जुने गिऱ्हाईक, मिठागरवाला आगरी दोस्त आला.

"आमाला लिवता येत नाय, अंगठा चालंल ना? घर कवऱ्या लांब हाय?"

"बोटीने जावं लागतं."

"मंग तू परत येनार नाय," तो म्हणाला आणि अंगठा शाईत बुडवला.

साहेबांनी मजकूर वाचून दाखवला. सदर घरी कायम राहण्यास जात आहे, असे त्यात होते. "स्वखुशीनं?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो आणि सही केली. बुधवारी मुंबईला त्या देशाच्या वकिलातीत शिक्का घेतला. परत आलो आणि पनवेलच्या टपालकचेरीत पाकीट रजिस्टर करायला उभा राहिलो. खिडकीपाशी काका भेटले. त्यांच्या हातातही मुलीला पाठवायचे पत्र होते.

"शनिवारी जरा लवकर ये. एकाचे पाय सुजलेत, त्याला धरून आणायचंय."

"येतो," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखत मुखत्यारपत्राचे पाकीट खिडकीतून आत सरकवले.